हिरवी मॅट, मनगटी पट्टा आणि भिंतीतले तिसरे भोक

गेल्या फेब्रुवारीत मी घरच्या दुरुस्तीच्या टेबलासाठी एक ईएसडी संच, म्हणजे अंगावर साचलेल्या स्थिर विजेच्या झटक्यापासून इलेक्ट्रॉनिक भाग वाचवणारा संच, मागवला आणि पावसाळा सरेपर्यंत तो जवळजवळ रोज वापरला. संचाचे वा विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीचा माल पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला निरनिराळ्या नावांच्या खोक्यांतून मिळतो, आणि मला आढळलेले दोष एकाच नावापुरते असतील असे वाटत नाही. १,९०० रुपयांच्या या खोक्यात दोन फूट बाय चार फुटांची हिरवी रबरी मॅट, गुंडाळीच्या वायरीचे दोन रिस्ट स्ट्रॅप (मनगटी पट्टे), मॅट व स्ट्रॅप एकत्र जोडून अर्थिंगला नेणारी वायर, तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग, एकपानी माहितीपत्रक आणि ‘भेट’ म्हणून एक वायरलेस रिस्ट स्ट्रॅप एवढ्या वस्तू निघाल्या.

माझी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, म्हणजे माझ्या तक्रारी कोठून येतात ते कळेल. भोसरीच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे तपासणीच्या टेबलावर काढली. तेथे सकाळी स्ट्रॅप बांधून टेस्टरच्या बटणावर बोट ठेवायचे आणि हिरवा दिवा लागला तरच जागेवर बसायचे, असा नियम होता. दिवा लागला नाही तर सुपरवायझरसुद्धा रांगेतून बाहेर होत असे. आता घरी अॅम्प्लिफायर, इन्व्हर्टरची कंट्रोल कार्डे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड दुरुस्तीला येतात. पुण्यात होळीच्या सुमारास दुपारची हवा इतकी कोरडी होते की प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून कपाटाच्या कडीला हात लावला की बोटाला चटका बसतो. हा चटका माणसाला जाणवायला अंगावर साधारण ३,००० व्होल्ट साचलेले असावे लागतात. माणसाच्या शरीराची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, प्रमाणित चाचणीत १०० पिकोफॅरड धरतात. त्या हिशेबाने ३,००० व्होल्टची ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलपेक्षाही कमी भरते, म्हणून आपले काही बिघडत नाही. मात्र आयआरएफ५४० सारख्या रोजच्या वापरातल्या मॉस्फेट ट्रान्झिस्टरच्या गेटची, म्हणजे त्याच्या नियंत्रक टोकाची, सहनशक्ती २० व्होल्टची असते. म्हणजे आपल्याला चटका बसण्याच्या कितीतरी आधी, काहीही न जाणवता, त्या गेटची वाट लागू शकते, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

आधी मॅटविषयी, कारण खोक्यातली सर्वांत चांगली वस्तू तीच आहे. ती दोन थरांची आहे. वरचा हिरवा थर साचलेला विद्युतभार सावकाश निचरू देणारा आणि खालचा काळा थर वाहक. कापलेल्या कडेला दोन्ही थर स्पष्ट दिसतात, आणि ही कड विकत घेण्यापूर्वी जरूर पाहावी, कारण निव्वळ हिरवे रबर कापून ‘ईएसडी मॅट’ म्हणून विकलेले मी पाहिले आहे. साध्या मल्टिमीटरने या मॅटचा रोध मोजता येत नाही. मीटर काहीच दाखवत नाही आणि माणूस उगाच मॅट खोटी ठरवून मोकळा होतो. जुन्या कारखान्यातल्या एका स्नेह्याकडून मी पृष्ठरोध मोजण्याचे यंत्र दोन दिवसांसाठी आणले. त्यात सव्वादोन किलोंची दोन गोल वजने मॅटवर ठेवून १०० व्होल्टवर मोजणी करतात. दोन वजनांमध्ये ४२ मेगाओहम आणि मॅटपासून अर्थिंगची वायर जोडायच्या धातूच्या बटणापर्यंत २६ मेगाओहम भरले. एएनएसआय/ईएसडी एस२०.२० या मानकाप्रमाणे टेबलाच्या पृष्ठभागापासून अर्थिंगपर्यंतचा रोध १,००० मेगाओहमच्या आत असावा लागतो, त्यामुळे ही मॅट सहज उत्तीर्ण होते. जुलैत, खिडकीबाहेर संततधार चालू असताना पुन्हा मोजले तेव्हा आकडे थोडे खाली आले होते, पण फरक किरकोळ होता. हवेतल्या ओलाव्यावर विसंबून चालणारी मॅट असती, तर मार्चमध्ये ती निकामी ठरली असती.

रोध इतका जास्त कशासाठी, टेबलाला सरळ पत्रा ठोकला किंवा स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल पसरली तर काय बिघडते, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. प्रश्न रास्त आहे. भार साचलेली आयसी (चिप) उघड्या धातूवर टेकवली की तिच्यातला भार क्षणार्धात, मोठ्या प्रवाहाने निघून जातो, आणि आयसीच्या दृष्टीने तोसुद्धा झटकाच असतो. मॅट तोच भार हळूहळू सोडते. शिवाय चालू बोर्ड फॉइलवर ठेवला तर शॉर्ट होतो, हे तर उघडच आहे.

मॅटला वासाचा दोष आहे. पहिले तीन आठवडे खोलीत नव्या टायरांच्या दुकानासारखा वास होता. सोल्डरिंगच्या टोकाने डाग पडतात, पण वितळत नाही. पत्रकात पुसण्यासाठी ‘कोणताही क्लीनर’ चालेल असे लिहिले आहे ते चूक आहे. सिलिकोन असलेले फर्निचरचे पॉलिश एकदा फिरवले की वर रोधक थर बसतो आणि मॅट केवळ शोभेची उरते. मी सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसतो.

आता मनगटी पट्टे. अंगावरचा भार अर्थिंगकडे नेणे एवढेच त्यांचे काम, पण त्या वाटेवर १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो आणि तो माणसाच्या जिवासाठी असतो. चुकून २३० व्होल्टच्या फेजला हात लागला, तर पट्ट्याच्या वाटेने अंगातून फार तर ०.२३ मिलिअँपिअर प्रवाह जातो. माणसाला प्रवाहाची जाणीव सुमारे ०.५ मिलिअँपिअरला होते. रेझिस्टर नसेल तर तोच पट्टा आपल्याला अर्थिंगशी पक्के बांधून ठेवतो आणि फेजला लागलेल्या हाताला सुटकेची वाट उरत नाही. म्हणून नवा पट्टा हातात आला की पहिले काम म्हणजे मल्टिमीटर २० मेगाओहमच्या पट्टीवर ठेवून बटणापासून वायरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत मोजणे. संचातल्या दोन्ही वायरींत १.०२ आणि ०.९९ मेगाओहम भरले, म्हणजे रेझिस्टर होते आणि योग्य होते. येथपर्यंत विक्रेत्याचे कौतुक.

दोष पट्ट्याच्या कापडात निघाला. इलॅस्टिकच्या आतल्या बाजूला चांदीचा मुलामा दिलेले वाहक धागे विणलेले असतात आणि ते बटणाखालच्या पत्र्याला सर्व बाजूंनी जोडलेले असावे लागतात. पहिल्या पट्ट्यात ते होते. दुसऱ्यात मीटरचे टोक पत्र्यावर टेकवले तर वाचन येई, पण पत्र्यापासून बोटभर दूर धाग्यांवर टेकवले की काहीच नाही. धागे पाहायला होते, पत्र्याशी त्यांचा संबंध नव्हता. असा पट्टा घट्ट बांधला आणि पत्रा नेमका कातडीवर बसला तर चालतो, मनगट वळले की संपर्क तुटतो, आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. कारखान्यात मानकाप्रमाणे पट्टा बांधलेल्या माणसासह संपूर्ण वाटेचा रोध ३५ मेगाओहमच्या आत असावा लागतो. घरी टेस्टर नसेल तर मल्टिमीटरचे एक टोक वायरीच्या शेवटाला लावून दुसरे पट्टा बांधलेल्या माणसाच्याच बोटांच्या चिमटीत घट्ट धरावे आणि मनगट सगळीकडे वळवून आकडा पाहावा. कातडी कोरडी असेल तर आकडा वर जातो; थोडे हात धुवून, किंचित ओलसर ठेवून पुन्हा पाहिले की उलगडा होतो. शर्टाच्या बाहीवर पट्टा बांधून बसलेली माणसे मी भोसरीतही पाहिली आहेत, त्यांच्यासाठी मात्र कोणताच आकडा उपयोगाचा नाही.

भेट म्हणून आलेला वायरलेस पट्टा मी उत्सुकतेने उघडला. वर छोटी काळी डबी, तीत एक रेझिस्टर, रेझिस्टरचे एक टोक कातडीच्या पत्र्याला आणि दुसरे एका स्क्रूला. स्क्रू पुढे कोठेच जात नाही. ‘भार हवेत सोडला जातो’ असे पत्रकात म्हटले आहे. पाणी वाहून जायला नळीचे दुसरे टोक कोठेतरी उघडे असावे लागते, तसे भाराला जायला वाट लागते, आणि या डबीत ती नाही. ही वस्तू नुसती निरुपयोगी असती तर हसून सोडून दिली असती. पण ती बांधलेला माणूस निर्धास्त होऊन उघडी आयसी उचलतो, म्हणून ती खोक्यात असणे हा मी संचाचा दोष धरतो.

संचाची खरी परीक्षा मात्र प्लगपाशी झाली आणि त्यात माझ्या घराची परीक्षाही झाली. प्लग नेहमीचा ६ अँपिअरचा, तिन्ही पिना पितळी. वायर फक्त वरच्या, जाड आणि लांब पिनेला जोडलेली. मी प्लग उघडला तेव्हा अर्थिंगचा स्क्रू सैल होता आणि तांब्याच्या तारेचे दोन केस बाहेर डोकावत फेजच्या पिनेपासून दोन-तीन मिलिमीटरवर आले होते. पट्ट्यांत १ मेगाओहमचे संरक्षण आहे, पण या संचात मॅटच्या वायरीत रेझिस्टर नाही. तो केस फेजला टेकला असता तर मॅटच्या कोपऱ्यातले उघडे धातूचे बटण २३० व्होल्टवर आले असते. ज्या वस्तूवर आपण विश्वासाने दोन्ही कोपरे टेकतो, तिच्या कोपऱ्यातला हा धोका पत्रकात एका शब्दानेही सांगितलेला नाही. परदेशात या कामासाठी फेज आणि न्यूट्रलच्या पिना प्लॅस्टिकच्या असलेले प्लग मिळतात. येथे तसा प्लग देणे फार महाग पडले असते असे वाटत नाही. ज्यांना प्लग उघडून तपासण्याचा सराव नाही त्यांनी हा प्लग जसाच्या तसा भिंतीत खोचू नये, इतके मी स्पष्टपणे लिहितो.

प्लग दुरुस्त केला आणि भिंतीकडे वळलो. आमची इमारत १९८४ ची आहे. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ २३२ आणि न्यूट्रल-अर्थ शून्य. पहिल्या क्षणी बरे वाटले. मग इस्त्री लावून पुन्हा पाहिले, तरी शून्यच. हे संशयास्पद होते, कारण विजेचा वापर वाढला की न्यूट्रलच्या वायरीत थोडे व्होल्टेज खर्ची पडते आणि स्वतंत्र अर्थिंग असेल तर न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट तरी दिसायला हवेत. बोर्ड उघडल्यावर कळले की कोण्या जुन्या वायरमनने सॉकेटच्या अर्थच्या खोबणीला न्यूट्रलचाच तुकडा जोडून दिला होता. टेस्टर समाधानी, मालक समाधानी, आणि चाळीस वर्षे कोणाचे काही अडले नाही.

असे सॉकेट वरकरणी ठीक भासते, पण त्यामागे कोठेतरी न्यूट्रल तुटला की दिव्या-पंख्यांतून आलेली फेज त्याच तुकड्याने अर्थच्या पिनेवर येते. मग अर्थिंगला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू जिवंत होते. मनगटी पट्ट्यातला रेझिस्टर तेव्हाही आपल्याला वाचवील. पण सोल्डरिंग स्टेशनचे लोखंडी खोके आणि ऑसिलोस्कोपची क्लिप यांच्या अर्थिंगच्या वाटेत असा कोणताही रेझिस्टर नसतो. ‘अर्थिंगमुळे आयसी वाचते’ एवढेच डोक्यात धरून संच विकत घेणाऱ्याला त्याच अर्थिंगमुळे स्वतःचा जीव धोक्यात येऊ शकतो हे सांगण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

वायरमनला बोलावले. तो म्हणाला, “काका, अर्थिंग नसून काय अडलंय? पंखा फिरतोय, टीव्ही चालतोय.” त्याच्या दृष्टीने ते खरेच होते. शेवटी मीटररूमपासून हिरवी वायर वेगळी ओढून घेतली आणि सोसायटीच्या मागच्या बाजूला असलेला अर्थिंगचा खड्डा उघडला. कोळसा आणि मिठाचे थर कधीचे विरले होते, नळकांड्याच्या फनेलमध्ये कोणी कुंडी ठेवली होती. खड्डा नव्याने भरून पाणी घातले. अर्थिंगसाठी भारतात आयएस ३०४३ ही संहिता आहे, १९८७ ची आणि २०१८ मध्ये सुधारलेली, आणि आमच्या वायरमनने ती वाचलेली नसली तरी त्याने काम नीट केले. त्याच वेळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे प्रवाह अर्थिंगकडे गळू लागताच वीज तोडणारा स्विच, बसवली. ती चालू केल्यावर बेडरूमचा दिवा लावला की लगेच बंद पडू लागली, तेव्हा तेथेही न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले सापडले. या सगळ्याला संचाच्या किमतीच्या साडेतीनपट खर्च आला. त्यानंतर मी प्लग वापरणेच सोडले. बोर्डाच्या पट्टीवर पितळी बोल्ट बसवून तो अर्थच्या वायरीला जोडून घेतला आणि मॅटची व पट्ट्याची वायर तेथे नटाखाली धरली.

‘प्लग नसेल तर क्लिप कोणत्याही धातूच्या वस्तूला लावावी’ असेही पत्रक सांगते. माझ्या खोलीतले लोखंडी कपाट लाकडी ठोकळ्यांवर उभे आहे, खिडकीचे गज विटांत रुतलेले आहेत आणि नळाची पाइपलाइन काही वर्षांपूर्वी सीपीव्हीसी या प्लॅस्टिकची झाली. पूर्वी रेडिओची अर्थिंग नळाला बांधत असत तेव्हा नळ लोखंडी होते. काही जण टेबलाच्या मागे अंगणात वेगळी सळई ठोकून तीच ‘स्टॅटिकची स्वतंत्र अर्थिंग’ म्हणून वापरतात. मग मॅट एका अर्थिंगवर आणि सोल्डरिंग स्टेशन दुसऱ्या अर्थिंगवर, आणि दोघांत व्होल्टेजचा जो फरक असेल त्याचा प्रवाह नेमका आपल्या हातातल्या बोर्डातून जातो. टेबलावरचे सगळे एकाच बिंदूला बांधलेले असणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि तो बिंदू घराच्या अर्थिंगचाच असावा.

एक इशारा पत्रकात नसल्यामुळे येथे देतो. उघड्या, चालू मेन्सवर, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेवर, काम करताना पट्टा काढून ठेवावा. इंडक्शन शेगडीच्या बोर्डाला मेन्सपासून कोणतेही विलगीकरण नसते आणि एसएमपीएसच्या (उपकरणातल्या स्विचिंग पॉवर सप्लायच्या) मेन्सकडच्या बाजूला कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी उभा असतो. तेथे अंग अर्थिंगशी जोडलेले ठेवण्यात शहाणपण नाही. रेझिस्टर शाबूत असेल या भरवशावर तर नाहीच. माझ्याकडे शेगडी आली की मी मॅट गुंडाळून बाजूला ठेवतो आणि लाकडी पाट घेतो.

संचाकडून होऊ न शकणारी गोष्टही आहे. अर्थिंग केवळ वाहक वस्तूंचा भार नेते. सेलोटेप, थर्माकोलचा तुकडा, चहाचा प्लॅस्टिकचा कप, साधी पॉलिथिनची पिशवी यांवरचा भार मॅटवर ठेवल्याने उतरत नाही. त्यासाठी आयनयुक्त हवा सोडून भार फेडणारा आयोनायझर पंखा लागतो आणि घरच्या टेबलाला तो परवडण्यासारखा नसतो, म्हणून या वस्तू टेबलावर येऊ न देणे हाच स्वस्त उपाय. बोर्ड ठेवायच्या गुलाबी पिशव्यांविषयीही गैरसमज आहे: त्या स्वतः भार निर्माण करत नाहीत एवढेच, बाहेरच्या झटक्यापासून आतल्या बोर्डाला वाचवतात त्या चंदेरी, धातूचा थर असलेल्या पिशव्या.

माझे एक स्नेही तीस वर्षे दुरुस्ती करतात आणि या सर्व प्रकाराला हसतात, कारण त्यांच्या हातून म्हणे एकही आयसी उडालेली नाही. त्यांचे अर्धे बरोबर आहे. आजच्या पुष्कळ आयसींच्या पिनांना आतच संरक्षक डायोड असतात आणि त्या मानवी स्पर्शाच्या चाचणीत २,००० व्होल्टपर्यंत टिकतात. पण झटका खाल्लेली प्रत्येक आयसी त्याच क्षणी मरत नाही. काही अर्धमेल्या अवस्थेत बोर्डावर बसतात, तपासणीत पास होतात आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाईक “पुन्हा बंद पडला” म्हणत दारात उभे राहते. त्या वेळी दोष सोल्डरचा, सुट्या भागाचा की आपल्या कोरड्या हाताचा, हे कोणीही ठरवू शकत नाही. फक्त ट्रान्सफॉर्मर आणि जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हचे काम करणाऱ्याने हे पैसे खर्च करू नयेत. ज्याच्या टेबलावर सुटे मॉस्फेट, लेझर डायोड किंवा पांढरे एलईडी येतात त्याने करावेत.

मॅटला मी पाचपैकी साडेचार देईन, पट्ट्यांना तीन, पत्रकाला आणि प्लगला मिळून अर्धा. दुसऱ्या पट्ट्याविषयी तक्रार केल्यावर विक्रेत्याने आठवड्याभरात बदली पट्टा पाठवला आणि जुना परत मागितला नाही. बदली पट्ट्याची वायर १.०१ मेगाओहम भरली आणि त्याचे धागे सगळीकडे वाचन देतात. त्या पाकिटातही भेट म्हणून आणखी एक वायरलेस पट्टा होता.